मॉडेल रेल्वे : रूळ, सांधे आणि इंजिनाचे सुटे भाग कसे मिळवायचे?

वाफाळ

मंडळी, मॉडेल रेल्वेचा नाद असलेलं इथे कुणी आहे का? ओळखीतल्या एकांकडून जुन्या सामानाची पेटी माझ्याकडे आली आहे. खोकी, कॅटलॉग, कागद काहीही नाही. आत दोन इंजिनं, सात-आठ डबे आणि रुळांचा हा भलामोठा ढीग. रूळही एका जातीचे नाहीत. काही पिवळसर, काही चंदेरी आणि काहींच्या खाली प्लॅस्टिकची काळी खडी ओतीव आलेली.

एक इंजिन बरं चालतं. दुसरं सरळ रुळावरसुद्धा ठरावीक अंतराने ‘टक्’ करतं आणि किंचित उडी मारतं.

मला हवंय ते एवढंच: एक फेरा, त्याला एक लूप लाईन आणि दोन सायडिंग. म्हणजे चार सांधे (एका रुळातून दुसरा फाटा फुटतो ते तुकडे) आले. शोधायला बसलो तर कोड १००, कोड ८३, सेट ट्रॅक, फ्लेक्स, इन्सुलफ्रॉग... डोकं गरगरलं. पेटीतलं काय ठेवायचं, नवीन काय घ्यायचं आणि उडी मारणाऱ्या इंजिनाचा भाग कुठे शोधायचा, जाणकारांनी सांगावं.

सांधेवाला

आधी काहीही विकत घेऊ नका. व्हर्नियर घ्या, नसेल तर चांगली पट्टी, आणि दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. त्यावरून मॉडेलच्या मापाचं नाव कळतं: १६.५ मिमी आलं तर एचओ किंवा ओओ, ९ आलं तर एन, १२ म्हणजे टीटी, ६.५ म्हणजे झेड, ३२ म्हणजे ओ. (नॅरो गेजची मॉडेलं करणारे हीच रुंदी दुसऱ्या प्रमाणाला वापरतात, पण ते तूर्त बाजूला ठेवू.)

मग रुळाची उंची. कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली रुळाची उंची, बाकी त्यात गूढ काही नाही. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, ८३ म्हणजे २.१, ७५ म्हणजे १.९, ५५ म्हणजे १.४. जुन्या पेटीतले १६.५ चे रूळ बहुधा कोड १०० निघतात. १०० आणि ७५ हे साध्या जोडपट्टीने जोडलेत तर वर ०.६ मिमीची पायरी राहते आणि प्रत्येक चाक तिथे ठेच खातं. वेगवेगळ्या कोडांसाठी खास जोडपट्ट्या मिळतात, त्या वापरायच्या.

तिसरं, धातू. लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद. न चिकटता पिवळा असेल तर पितळ, चंदेरी असेल तर निकेल सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा त्यात कणही नसतो. ठेवायचे ते हेच. पोलादी गंजतात. पितळी काळवंडतात आणि तो थर वीज अडवतो. गाडी चालते, पण चालवण्यापेक्षा रूळ पुसण्यात जास्त वेळ जातो. तुमच्याकडचे काळ्या खडीचे तुकडे बाखमनच्या ईझी ट्रॅकचे असतील तर ते पोलादीच. त्याच मालिकेतले राखाडी खडीवाले निकेल सिल्व्हरचे असतात.

एवढं करा आणि इथे लिहा.

डाखबहाद्दर

काकांच्या यादीत माझी एक भर. मल्टिमीटर असेल तर एकाच आसावरच्या डाव्या-उजव्या चाकांना टोकं लावून बघा. पीं वाजलं तर ती चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली नाहीत, म्हणजे माल मार्कलिनच्या तीन रुळी पद्धतीचा असू शकतो. त्यात वीज स्लीपरांच्या मधोमध असलेल्या धातूच्या टिकल्यांमधून येते आणि ती उचलायला इंजिनाच्या पोटाखाली लांबट पट्टी असते. असा डबा दोन रुळी मांडणीवर ठेवला की थेट शॉर्ट. जुन्या पेट्यांत हा घोळ हमखास. शिवाय मार्कलिनच्या सी ट्रॅकसारखाच दिसणारा ट्रिक्सचा दोन रुळी ट्रॅकही असतो, तेव्हा खडी बघून ठरवू नका, टिकल्या बघा.

नुसतावाचक

वाखू (वाचनखूण) साठवली. चालू द्या.

वाफाळ

मोजलं. रुंदी १६.५, उंची अडीच मिमीच्या आसपास. पीं कुठेच वाजलं नाही. काळ्या खडीवाले चुंबकाला चिकटले, पिवळे पितळीच आहेत. चंदेरी चिकटले नाहीत, ते वीसेक तुकडे आहेत.

पण त्यातले वाकडे तुकडे जोडून गोल पुरा होत नाही. शेवटी बोटभर फट राहते, जोर लावून ती मिटवली की समोरच्या बाजूला सांध उघडते.

आणखी एक: सगळे डबे याच रुळांवर बसतात, पण दोन डबे बाकीच्यांपेक्षा अंगाने मोठे वाटतात. माझे डोळे फसताहेत का?

सांधेवाला

डोळे ठीक आहेत. एचओ १:८७ आणि ओओ १:७६, पण दोन्ही धावतात १६.५ वरच. खऱ्या १४३५ मिमी रुळांना ८७ ने भागलं की १६.५ येतात, म्हणजे एचओचा हिशेब बरोबर आहे. ओओला खरं तर १८.८३ हवेत. ब्रिटिश इंजिनं मुळात लहान, एचओच्या मापात त्या काळची मोटर मावेना, म्हणून वरचं शरीर वाढवलं आणि रूळ तेच ठेवले. मोठे वाटणारे ते दोन डबे ब्रिटिश नमुन्याचे असणार. एकत्र चालवायला हरकत नाही, फक्त शेजारी शेजारी लावू नका.

आता गोल. तुमच्याकडे दोन घराण्यांचे तुकडे मिसळले आहेत. पेको आणि हॉर्नबी या ब्रिटिश कंपन्यांच्या सेट ट्रॅकच्या, म्हणजे ठरावीक मापाच्या तयार तुकड्यांच्या, त्रिज्या ३७१, ४३८, ५०५ आणि ५७२ मिमी. अमेरिकन पद्धतीत १८ इंच, म्हणजे ४५७, आणि २२ इंच, म्हणजे ५५९. नुसतं बघून ४३८ आणि ४५७ ओळखू येत नाहीत. त्रिज्या मोजण्याच्या भानगडीत न पडता वाकड्या तुकड्याच्या मधोमध दोरा धरून लांबी मोजा. ४३८ चा २२.५ अंशांचा तुकडा १७२ मिमी भरतो आणि गोलाला असे १६ लागतात. १८ इंची ३० अंशांचा तुकडा २३९ मिमी, गोलाला १२. दोन ढीग करा. ज्या ढिगात जास्त तुकडे असतील ते तुमचं घराणं, पुढची खरेदी त्याच मापात.

लांब डबे चालवायचे असतील तर ३७१ च्या वाटेला जाऊ नका. आजकालच्या बऱ्याच मॉडेलांच्या खोक्यावर किमान ४३८ लिहिलेलं असतं.

कानसवाली

काकांचा मुद्दा मान्य, पण वाफाळ, तुम्हाला तुकडे जुळवत बसायची गरज आहे का? फ्लेक्स घ्या. एक गज, म्हणजे ९१४ मिमीची लांब पट्टी येते, हवी तशी वाकवा, हवी तिथे कापा. चंदेरी तुकडे सायडिंगला वापरा आणि मुख्य फेरा फ्लेक्सचा करा. जोड कमी, म्हणून वीजही नीट पोचते.

वाकवताना आतला रूळ पुढे सरकतो. आधी वाकवायचं, मग जास्तीचा भाग कापायचा, उलट केलंत तर रूळ तोकडा पडतो. कापल्यावर टोकाला कानस मारा, विशेषतः खालच्या बाजूला, नाहीतर जोडपट्टी चढणार नाही आणि बोट मात्र कापेल. वळणावर दोन पट्ट्यांची सांध येणार असेल तर त्या सरळ असतानाच जोडून डाख द्या आणि मग वाकवा. वाकवल्यावर जोडलेल्या सांधेला कोपरा येतो आणि गाडी नेमकी तिथेच उतरते. डाख मात्र वळणावरच्या सांधांनाच द्या. सरळ भागात अधूनमधून कागदाएवढी फट सोडा, हवामानाप्रमाणे खालची पाटी फुगते-आकसते.

सांधेवाला

ताई, पहिल्याच फेऱ्याला फ्लेक्स म्हणजे जरा जास्तच. मोडून पुन्हा मांडायची मजा सेट ट्रॅकमध्येच आहे.

कानसवाली

मोडून मांडायचं असेल तर काटोचा युनिट्रॅक घ्यावा, खडीसकट येतो आणि खटकन बसतो. सुटे जुने तुकडे फरशीवर दर वेळी जोडले की जोडपट्ट्या सैल होतात आणि मग ‘गाडी मधेच थांबते’ म्हणून नवा धागा निघतो. :)

डाखबहाद्दर

दोघांचं भांडण चालू द्या, मी सांध्यांवर बोलतो, कारण गाडी रुसते ती तिथेच. साध्या रुळात काटकसर करा, सांधे मात्र नवे घ्या. वापरलेल्या सांध्याची सरकती पाती टोकाला झिजलेली असते, खालची आडवी पट्टी तडकलेली असते, आणि फोटोत यातलं काही दिसत नाही. घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याकडून पात्यांचा जवळून आणि खालच्या बाजूचा असे दोन फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

पेकोच्या स्ट्रीमलाईन मालिकेत लहान, मध्यम, मोठा असे सांधे येतात, त्रिज्या ६१०, ९१४ आणि १५२४ मिमी, पण तिन्हींचा फाटा १२ अंशांनीच फुटतो. त्यामुळे अदलाबदल करता येते. सेट ट्रॅकचा सांधा ४३८ चा आणि २२.५ अंशांचा. म्हणून समांतर रुळांमधलं अंतर सेट ट्रॅकमध्ये ६७ मिमी येतं, स्ट्रीमलाईनमध्ये ५१. दोन मालिका मिसळल्या तर लूप लाईन जुळणार नाही.

आणि एक फुकटची युक्ती: पेकोच्या सांध्यांचे मूळ आकाराचे कागदी नमुने उतरवून घेता येतात. छापा, कापा, पाटीवर पसरा. छापताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर सगळी मापं चुकतात. चार सांधे आणि लूप तुमच्या जागेत मावतात का ते पैसे न घालता कळेल. संगणकावर करायचं असेल तर एक्सट्रॅककॅड मोफत आहे.

वाफाळ

कागदी नमुन्यांची कल्पना जबरी आहे. चंदेरी तुकडे मोजले: निम्म्याहून जास्त १७२ चे, तेव्हा घराणं ठरलं. आता दुसऱ्या इंजिनाचं बोला कुणीतरी.

दातेमोज्या

हाच प्रश्न येण्याची वाट बघत होतो. ‘टक्’ चाकाच्या एका फेऱ्याला एकदाच येत असेल तर डोळे झाकून सांगतो, आसावरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तडकलं आहे. ते आसावर दाबून बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं तो ताण सोसून प्लॅस्टिक दोन दातांच्या मधल्या खाचेत उभं चिरतं. चीर पडली की तेवढ्या दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि समोरचं चाक तिथे आलं की अडकून उडी मारतं.

खालचं झाकण काढा, आस बाहेर घ्या, भिंग धरा आणि दातांच्या मुळाशी बघा. केसाएवढी काळी रेघ दिसेल. सुपर ग्लू लावू नका, हे प्लॅस्टिक बहुधा ॲसिटल किंवा नायलॉन असतं आणि त्यावर ग्लू धरत नाही.

दिसल्यावर इथे तीन आकडे द्या: दात किती, न तडकलेल्या चाकाचा बाहेरचा व्यास किती आणि आसाची जाडी किती. तडकलेलं चाक मोजू नका, ते फुगलेलं असतं.

वाफाळ

सापडली! अगदी तुम्ही म्हणालात तशी, पुढच्या आसावर. मागचं चाक धड आहे: दात १४, व्यास ६.४ मिमी, आस २ मिमी.

दातेमोज्या

झकास. व्यासाला दातांची संख्या अधिक दोन, याने भागा. ६.४ भागिले १६, म्हणजे ०.४. हे त्याचं मॉड्यूल, म्हणजे दातांच्या आकाराचं माप. आता तुम्हाला इंजिनाची कंपनी, वर्ष, मॉडेल काही कळलं नाही तरी बिघडत नाही. शोधायचं ते ‘०.४ मॉड्यूल, १४ दात, २ मिमी भोक, घट्ट’ एवढंच.

खबरदारी एक. खेळण्यांच्या सुट्या गिअरची जी मिसळ पाकिटं मिळतात ती बहुतेक ०.५ मॉड्यूलची. त्यांवर १४२ए, १८२ए अशा खुणा असतात: आधी दात, मग भोकाचा व्यास, शेवटी ए म्हणजे घट्ट आणि बी म्हणजे सैल. तुमच्या नजरेला १४२ए अगदी बरोबर वाटेल, पण ०.५ चं १४ दातांचं चाक ८ मिमीचं होतं. जागेत मावणारच नाही. जुन्या ब्रिटिश-अमेरिकन मालात मॉड्यूलऐवजी डीपी (व्यासाच्या दर इंचामागे किती दात) असतो. ६४ डीपी म्हणजे ०.३९७, ०.४ च्या इतका जवळ की लहान चाकांत चालून जातं. ४८ डीपी म्हणजे ०.५३, ते ०.५ सोबत कुरकुरतं.

हे गणित सरळ दातांचं. वर्म, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर, त्याच्याखालच्या चाकाचे दात तिरके असतात, तिथे उत्तर थोडं इकडेतिकडे येतं.

बसवताना हातोडी नको. शिकंज्यात धरून सावकाश दाबा. एक तडकलं तरी सगळ्या आसांची चाकं बदला. एकाच साच्यातली, एकाच वयाची आहेत, बाकीची रांगेत उभी आहेत.

मधलीलाईन

थ्रीडी प्रिंट का नाही सुचवत कुणी? घरबसल्या होईल.

दातेमोज्या

०.४ मॉड्यूलच्या दाताची पूर्ण उंची जेमतेम ०.९ मिमी. तार वितळवून छापणाऱ्या यंत्राचं तोंड सहसा ०.४ मिमीचं असतं, म्हणजे दाताचा आकार काय निघणार ते बघा. रेझिनचं दिसायला सुरेख येतं, पण साधं रेझिन ठिसूळ, दाबून बसवतानाच फुटतं. खिडक्या, पायऱ्या, बफर, छपरावरचे पंखे, डब्याचं अख्खं अंग यासाठी रेझिनला तोड नाही. जिथे ताण आणि घर्षण आहे तिथे नाही.

कानसवाली

भाग कुठे शोधायचे यावर थोडं. नव्याने अजूनही बनणारं मॉडेल असेल तर कंपनीच्या सुट्या भागांचा आराखडा शोधा. त्यात इंजिन उकलून दाखवलेलं असतं आणि प्रत्येक भागाला क्रमांक असतो. शोध त्या क्रमांकाने घ्यायचा, भागाच्या नावाने नाही. एकाच वस्तूला प्रत्येक विक्रेता वेगळं नाव देतो. जर्मन कंपनीचा माल असेल तर ‘एर्झात्सटाइलं’ (Ersatzteile, सुटे भाग) हा जर्मन शब्द टाकून बघा, इंग्रजीत न सापडलेली दुकानं वर येतात.

बनायचं बंद झालेलं मॉडेल असेल तर दाता शोधायचा. तेच इंजिन बिघडलेल्या अवस्थेत ‘फॉर पार्ट्स’ म्हणून विकायला असतं. मोटर जळालेली चालेल, तुम्हाला हवे असतात आस आणि गिअर. पण विचारल्याशिवाय घेऊ नका: सांगाडा सरळ आहे का? जुन्या जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलेलं असलं की धातू आतून फुगतो, वाकतो आणि भुगा होतो. त्याला इलाज नाही. वरून रंग शाबूत आणि आत बिस्किटासारखं, असे सांगाडे बाजारात फिरत असतात.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे क्लब. जुन्या सभासदांकडे डब्याडब्यांत भरून ठेवलेले आस, कपलिंग, ब्रश असतात. विकायला काढत नाहीत, मागितलं तर देतात.

रुळावरचाडाग

वाचून एक शंका. जुन्या रुळांवरचा काळेपणा घालवायला बारीक सँडपेपर मारला तर?

डाखबहाद्दर

नको. त्याच्या ओरखड्यांत पुढची घाण जास्त घट्ट बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं.

सांधेवाला

अल्कोहोलवरही हल्ली दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, अल्कोहोल ध्रुवीय द्रव, त्याने पुसलेले रूळ लवकर काळे पडतात, म्हणून मिनरल स्पिरिटसारखं अध्रुवीय वापरा. काहीजण पुसून झाल्यावर ग्रॅफाइटचा हात फिरवतात. माझं मत विचाराल तर रुळांआधी चाकं पुसा. घाण चाकांवरूनच पसरते. फडकं ओलं करून रुळावर पसरा, इंजिनाची अर्धी चाकं त्यावर आणि अर्धी रुळावर ठेवून चालवा, फडक्यावरची काळी रेघ बघून पटेल.

वाफाळ

कालच्या कागदी नमुन्यांवर चार सांधे बसतात, चार मध्यम घ्यायचे ठरलं. फ्लेक्सही घेतोय (काका, माफी). गिअर मागवला. आता शेवटचं: इन्सुलफ्रॉग, इलेक्ट्रोफ्रॉग, युनिफ्रॉग यातलं काय घेऊ? आणि जुन्या डब्यांपैकी एक सांध्याच्या मधोमध हमखास उतरतो, बाकीचे नाही. तो दोष सांध्याचा की डब्याचा?

डाखबहाद्दर

एकच डबा उतरतो म्हणजे दोष डब्याचा. चाकांच्या पाठीपाठीतलं अंतर मोजा, म्हणजे दोन चाकांच्या आतल्या तोंडांमधलं. एचओ-ओओला ते १४.४ ते १४.५ मिमी लागतं. कमी असेल तर आतली कड फ्रॉगसमोरच्या (फ्रॉग म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात ते टोक) रक्षक रुळावर चढते. चाकं आसावर घट्ट बसवलेली असतात, हलकेच पिळत बाहेर ओढा. दोन्ही बाजूंनी सारखी सरकवा, एकाच बाजूने ओढून माप जुळवलं तर डबा तिरका चालतो.

फ्रॉगचं म्हणाल तर, इन्सुलफ्रॉगचं टोक प्लॅस्टिकचं. काही वायरिंग लागत नाही, पण लहान इंजिन तिथे मिणमिणतं किंवा थांबतं. इलेक्ट्रोफ्रॉगचं टोक धातूचं, थांबण्याचा प्रश्न नाही, मात्र फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या लागतात आणि वीज पात्यांच्या बाजूने द्यावी लागते. हे विसरलं की लूपच्या दुसऱ्या टोकाचा सांधा फिरवताच शॉर्ट. युनिफ्रॉगमध्ये धातूचं टोक बाकी रुळांपासून आधीच तोडलेलं असतं, खाली एक वायर सोडलेली असते. आज काही न जोडता चालवा, पुढे इंजिन थांबायला लागलं तर ती वायर सांध्यासोबत फिरणाऱ्या स्विचला जोडा. तुमची दोन्ही इंजिनं लांब आहेत की आखूड, त्यावर ठरेल. एकूण किती चाकं वीज घेतात तेवढं सांगा.

वाफाळ

चालणारं इंजिन लांब आहे, आठही चाकं वीज घेतात. टक् करणारं आखूड, चारच चाकं.

डाखबहाद्दर

मग युनिफ्रॉग. आणि पाटीला भोक पाडून ती वायर मांडणी करतानाच खाली उतरवून ठेवा. खडी चिकटवल्यावर ती बाहेर काढायची म्हणजे सांधा उखडावा लागतो.